गॅलरीतली पिवळी गादी

"गॅलरीला काचा लावून घेऊ या," असं चिरंजीव म्हणाले तेव्हा मी काकडी चिरत होते आणि माझ्या हातात सुरी होती, एवढं आधीच सांगून ठेवते.

चिरंजीव म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. एरवी मी त्याला राजा म्हणते, पण माझं डोकं फिरलं की त्याला बढती मिळते. घरात आम्ही तिघं. मी, तो, आणि माझी मोठी नणंद, जिला मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणते आणि जिच्याशी लग्न झाल्यापासून भांडते. आमचे दोघींचे नवरे गेले, भांडण तेवढं राहिलं. सूनबाई दुसऱ्या गावी नोकरीला असते, सुट्टीला येते. ती शहाणी आहे, असल्या विषयात पडत नाही.

आता काचांचं. गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. इस्पितळातून घरी आणल्यावर मला आतल्या खोलीत ठेवलं, कारण तिथे वारा लागत नाही. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. मी तो पाइप पाठ केला. कुठे त्याला पट्टी मारलीय, कुठे गंज चढलाय, कुणाच्या घरचं पाणी कसं खळखळत खाली जातं, सगळं. मी बरी होतेय असं सगळे म्हणत होते आणि मला त्या खोलीत पडल्या पडल्या गेल्यासारखं वाटत होतं. आजारपणाची मला तेवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या खोलीची वाटली. अजून वाटते.

गॅलरीत बसलं की खाली रस्ता, रस्त्यापलीकडे नदी आणि नदीवर माणसं नेणारी-आणणारी बोट. बोट सुटायच्या वेळी कोण धावत येतं, कोण मुद्दाम उशीर करून दुसऱ्याला थांबवतं, हे मला वरून दिसतं. फाटकासमोर स्कूटर लावणाऱ्याला मी वरून झापते. तिकीट देणारी बाई दुपारी डुलकी घेते, तेव्हा रांगेतली माणसं तिची खिडकी वाजवत बसत नाहीत, माझ्याकडे बघतात, कारण माझा आवाज पोचतो. घरातल्यांना माझ्या आवाजाचा त्रास होतो. रस्त्याला त्याचा उपयोग आहे.

पण नदीमुळे गॅलरी कायम दमट. तिथे कपडे वाळायला दोन दिवस लागतात आणि माझ्या वेताच्या खुर्चीची गादी दर पावसाळ्यात काळी पडून कुजते. तीच गादी चिरंजीवांनी दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तशी धरून स्वयंपाकघरात आणली होती.

"आई, हे बघ. जिथे गादी टिकत नाही, तिथे तुझी छाती कशी टिकेल?"

"छातीचा आणि गादीचा काय संबंध?"

"ओल. तीच ओल तुझ्या छातीत जाते. सरकत्या काचा लावू. पावसाळ्यात आणि थंडीत बंद ठेवू. तू आत बसून बघ ना नदी, कोण नको म्हणतंय?"

"आणि काचेतून बोलू कशी?"

"तेवढीच रस्त्याला शांतता," वन्सं डाळ निवडता निवडता म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मुलाच्या बोलण्यातली एक फट मला दिसली होती आणि मी त्यात लगेच पाय घातला.

"म्हणजे गादी टिकली तर काचा लागणार नाहीत?"

"कुठली गादी?"

"मी नवीन गादी करून घेते. ती पावसाळाभर रात्रंदिवस गॅलरीत राहील. टिकली तर काचांचं नाव काढायचं नाही."

तो हसला. त्या गॅलरीत आजवर काही टिकलेलं त्याने पाहिलं नव्हतं. "बरं. पण कुजली तर मी काचवाल्याला बोलावणार, आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

मी एक अक्षर न बोलणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी मी हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी वन्संना घेऊन मी सोफ्याची कापडं विकणाऱ्याच्या दुकानात गेले. वन्सं कशाला, असं कुणी विचारेल. खरेदीला शत्रू सोबत असावा, म्हणजे गोड बोलून कुणी गळ्यात काही मारत नाही. शिवाय मी सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईखात्यात केली. चादरी, पडदे, गाद्यांच्या खोळी, ओलं कापड कसं वागतं ते मला माणसांपेक्षा जास्त कळतं. मला कोण फसवणार?

दुकानदाराने आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात थेट राखाडी गठ्ठ्याकडे नेला.

"मावशी, हा रंग घ्या. मळखाऊ आहे."

"मी मळ खात नाही आणि गादीलाही खायला घालणार नाही. गादी बाहेर राहणार आहे, पावसात. कापड काय काय आहे ते दाखवा, रंगाचं नंतर बघू."

त्याने रेक्झिन काढलं. पाणी आत जाणारच नाही, फडक्याने पुसलं की झालं, असं म्हणाला. मी विचारलं, शिवणीतून जे पाणी आत जाईल ते बाहेर कसं येणार? त्यावर तो म्हणाला, शिवणीतून कशाला जाईल? एवढ्यात वन्सं उठल्या. त्या दुकानातल्या रेक्झिनच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि उठताना ते स्टूलही थोडं त्यांच्यासोबत उठलं. "हे नको," त्या म्हणाल्या. रेक्झिन बाद झालं.

मग जाड सुती कॅनव्हास आला. दणकट होता, हाताला बरा वाटला. पण सुती कापड पाणी पितं आणि प्यायलेलं लवकर सोडत नाही. त्याच्यावर बुरशी अशी चढते की विचारू नका. धुलाईखात्यात सुती खोळी एक दिवस ओल्या राहिल्या तर आम्ही कपाळाला हात लावायचो. तोही बाद. पॉलिएस्टरचं एक होतं, हिरवे पोपट छापलेलं. त्यावर दुकानदाराचा फार जीव. मी त्याच्या कडेचा एक धागा ओढला आणि नखाने खरवडला. आतून पांढरा.

"तुमचा रंग वरवरचा आहे," मी म्हटलं. "एका उन्हाळ्यात पोपट उडून जातील."

"मावशी, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"जे भिजेल आणि वाळेल."

त्याने डोकं खाजवलं आणि शिडी लावून वरच्या फळीवरून एक तागा काढला. हे अ‍ॅक्रिलिक, म्हणाला, पोहण्याच्या तलावाभोवती खुर्च्या असतात त्यांच्यासाठी हॉटेलवाले नेतात, घरगुती गिऱ्हाईक सहसा मागत नाही. मी धागा खरवडला. आतपर्यंत तोच रंग. रंग सूत काढण्याआधीच घातलेला असतो, म्हणून उन्हाने लवकर विटत नाही, हे मात्र त्याने बरोबर सांगितलं. मी त्याच्याच पेल्यातलं पाणी कापडावर ओतलं. थेंब वर उभे राहिले, कापड तिरकं केल्यावर घरंगळून त्याच्या टेबलावर गेले. मग वारा जातो का ते बघायचं होतं. मी काही म्हणायच्या आत वन्संनी कापड तोंडाशी धरलं आणि दुकानदाराच्या तोंडावर जोरात फुंकर मारली. त्याचे नीट चिकटवून बसवलेले चार केस उभे राहिले.

"येतोय वारा?" वन्संनी विचारलं.

"येतोय," तो म्हणाला, बिचारा.

कापड ठरलं. मग रंगावरून वन्संची आणि माझी जुंपली. त्यांना करडा हवा होता, वयाला शोभणारा. वयाला शोभणारे रंग मी पुष्कळ वापरले, आणि मग आतल्या खोलीत पडून भिंतीकडे बघत राहिले, तेव्हा त्या रंगांनी मला काही वाचवलं नाही. मी पिवळाधमक घेतला. एवढा पिवळा की बोटीतून उतरणाऱ्याला आधी माझी खुर्ची दिसावी आणि मग पायाखालचा धक्का.

शिवायच्या बाबतीत मी त्या दुकानदाराच्या डोक्यावर बसले. आत साधा स्पंज नको, तो पाणी धरतो. जाळीदार घाला, वरून ओतलेलं खालून निघून गेलं पाहिजे. खालच्या बाजूला कापडाऐवजी जाळी लावा. चेन प्लॅस्टिकच्या दातांची, दोरा पॉलिएस्टरचा. दोऱ्यावर तो अडला. दोरा शेवटी दोराच, म्हणाला. मी म्हटलं, सुती दोऱ्याने शिवाल तर कापड तसंच राहील आणि शिवण कुजून गादीचं पोट बाहेर येईल, मग मी ती गादी घेऊन तुमच्या दारात बसेन. त्याने दोरा बदलला.

पावसाळा लागला आणि माझी गादी भिजू लागली. रोज भिजायची. वर छत आहे, पण आमच्याकडे पाऊस तिरका येतो. सर थांबली की मी गादी उभी करायची, खालच्या जाळीतून पाणी टपटप गळायचं, आणि चहा होईपर्यंत मी परत बसायची. खालून जाणारे लोक वर बघून हात करायचे. बोटीचा सुकाणूवाला मला बघून भोंगा वाजवायला लागला. मी चिरंजीवांना रोज विचारायची, काय म्हणते गादी? तो म्हणायचा, बरी आहे. एवढंच बोलायचा आणि कामाला जायचा. दिवे लागले की डास येतात, म्हणून संध्याकाळी गॅलरीचं दार लावायचं आणि सकाळी मी उठायच्या आत झाडांना पाणी घालायला ते उघडायचं, हे पहिल्यापासून त्याचं काम. मला त्यात काही वावगं दिसायचं कारण नव्हतं.

मग सकाळी सकाळी गादी चिकट लागायला लागली. पावसाची हवा, म्हणून मी सोडून दिलं. वन्संनी नाक मुरडलं, तेही मी सोडून दिलं, कारण वन्सं नाक मुरडतातच. आणि एका रविवारी गादी उभी केली तर खालच्या बाजूला, कडेकडेने, काळे ठिपके. बोट फिरवलं तर बोटाला लागले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी गादी परत आडवी ठेवणार होते, तेवढ्यात चिरंजीव मागे येऊन उभा राहिला. त्याने पाहिलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. चेहरा पडला होता त्याचा.

"ठरल्याप्रमाणे," तो हळूच म्हणाला. "काचवाला रविवारी मापं घेतो. आजच ये म्हणून सांगतो."

मी एक अक्षर बोलले नाही. शब्द दिला होता. सकाळचा चहा, अंघोळ, जेवण, सगळं मुकाट्याने झालं. वन्सं इतक्या घाबरल्या की त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तोंड बंद असलं की माणसाचं नाक चालतं. जेवणानंतर मी गॅलरीत गेले, गादी उचलली आणि पोटभर हुंगली. पावसाच्या ओलीचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता. हा आंबट होता. वॉर्डातून ओल्या चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून यायच्या आणि कुणी त्या तशाच ठेवल्या की असा वास सुटायचा. कोंडलेल्या ओलीचा. पण माझी गादी तर उघड्यावर होती.

मी खुर्ची बघितली. पायांवर, वेताच्या वर, सुतळी घासल्याच्या खुणा होत्या. मग कुंड्यांच्या मागे हात घातला. तिथे जाड प्लॅस्टिकचा मोठा कागद होता, चार पदरी घडी घातलेला, कडा एकमेकांना तंतोतंत जुळवलेला, त्यावर सुतळीचं गुंडाळं ठेवलेलं. कागदाच्या आतल्या बाजूला अजून दव होतं. आमच्या घरात अशी घडी एकच माणूस घालतो.

आणि मला सगळं समजलं. आमच्या घरात वस्तू वापरत नाहीत, जपतात. हे माझ्या सासऱ्यांपासून चालत आलंय. फ्रिजच्या मुठीला कापड, रिमोटला पिशवी, सूटकेसला खोळ आणि ती खोळ मळू नये म्हणून जुनी चादर. गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक आम्ही काढलं नव्हतं, ते आपोआप फाटून गेलं तेव्हा वन्सं हळहळल्या होत्या. पावसासाठी म्हणून शोधून आणलेल्या कापडाला पावसापासून झाकायचं, हे आमच्या घराण्यातल्या माणसालाच सुचू शकतं.

मी तो कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि चिरंजीवांच्या मांडीवर टाकला.

"हे काय?"

त्याचे कान लाल झाले. लहानपणीही व्हायचे. "रोज संध्याकाळी बांधून ठेवायचो. सकाळी काढायचो."

"का?"

"टिकावी म्हणून."

"अरे, टिकली असती तर मी जिंकले असते!"

"म्हणूनच ना," तो म्हणाला. "तू इतकी खूश होतीस. मला वाटायचं, बाहेर राहून ती कुजणारच, निदान रात्रीपुरती तरी झाकू. तू हरू नयेस असं वाटत होतं मला."

"मग काचांचा हट्ट कशाला धरलास?"

त्याने मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. मग एका दमात बोलला. "इस्पितळात नेताना तुझे ओठ निळे पडले होते, आई. तू मला ओळखत नव्हतीस. मी गाडीत तुझा हात धरून बसलो होतो आणि तू मला विचारलंस, तुम्ही कोण. मला परत नाही बघवणार ते."

माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू. पोटचं पोर ते. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण दुसऱ्याच क्षणी माझ्या डोक्यात तो पाइप आला, ती भिंत आली, आणि मी हात काढून घेतला.

"तुला बघवत नाही, म्हणून मी काही बघायचंच सोडून देऊ?"

दारावरची बेल वाजली. काचवाला आला होता. कानाला पेन्सिल, हातात मापाची टेप, माणूस कामाचा होता. त्याच्या येण्याबरोबर पाऊसही आला. मी दोघांच्याही आधी गॅलरीत गेले, डागाळलेली गादी खुर्चीवर आपटून ठेवली आणि तिच्यावर बसले.

काचवाल्याने कठड्याची लांबी घेतली, मग माझ्या कोपऱ्याशी येऊन थांबला. "आजी, जरा उठता का? इथलं माप राहिलंय."

"माझ्यासकट घ्या."

तो हसला. मी हसले नाही. त्याने चिरंजीवाकडे पाहिलं.

"आई, तू शब्द दिला होतास," चिरंजीव म्हणाला.

"गादी बाहेर ठेवून कुजली तर, असा दिला होता. बाहेर ठेवून ती ठणठणीत होती. तू झाकलीस तेव्हा कुजली. तेव्हा माझा शब्द गेला उडत, आता मी बोलणार."

मागे काहीतरी फरफटत आल्याचा आवाज झाला. वन्सं स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणत होत्या. त्यांनी ते गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं, पदर खोचला आणि धापा टाकत बसल्या. "मग माझ्यासकटही घ्या," त्या काचवाल्याला म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही हं. मला त्या डब्यात गुदमरायला होईल."

"पुढच्या थंडीत पुन्हा आजारी पडलीस तर?" चिरंजीव माझ्याकडेच बघत होता.

"पडेन. कदाचित पडेनच. औषधं घेईन, स्वेटर घालेन, डॉक्टर म्हणेल ते करेन. पण मला त्या खोलीत नेऊन ठेवायचं नाही. आजारी पडले तर माझी खाट इथे दाराशी लाव. आणि जायची वेळ आली तर शेवटचं जे काही बघायचं ते मला इथून बघू दे. मी गेले की त्याच दुपारी काचा लाव, माझी काही हरकत नाही. मी आहे तोवर मला झाकायचं नाही."

सर तिरकी आत आली. मी भिजले, वन्सं भिजल्या, काचवाल्याची टेप भिजली. चिरंजीव वळून आत निघून गेला. रागावला असेल, असं मला वाटलं, आणि रागावला तर रागावू दे, असंही वाटलं. काचवाला एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराकडे बघत उभा राहिला.

चिरंजीव मोठा टॉवेल घेऊन बाहेर आला. तो उलगडून त्याने दोन्ही हातांत पसरला, माझ्या डोक्यावरून आणि खांद्यांवरून टाकायला. माझ्या अगदी जवळ आला आणि तसाच थांबला. हात खाली घेतले, टॉवेलची घडी घातली, कडेला कडा जुळवून, आणि ती माझ्या हातात दिली.

"माफ करा," तो काचवाल्याला म्हणाला. "काम नाहीये."

मी टॉवेल मांडीवर ठेवला आणि तशीच बसून राहिले.